गोड्या पाण्यातील व खाडीतील माशांमधील पारा : जैनाबादच्या काठावरून एक विचार

प्रस्तावना

तापी नदीच्या उत्तर तीरावर बुऱ्हाणपूर आणि दक्षिण तीरावर जैनाबाद वसलेले आहे. १६३१ मध्ये मुमताज महल हिचे बुऱ्हाणपुरात निधन झाले, तेव्हा तिचे पार्थिव प्रथम जैनाबादच्या आहूखान्याच्या बागेत दफन करण्यात आले होते. इतिहासाच्या पुस्तकांत जैनाबादचे नाव बहुधा एवढ्यापुरतेच येते. गावाचे रोजचे जीवन मात्र नदीशी बांधलेले आहे. नदीचे पाणी शेतीला लागते आणि नदीतला मासा ताटात येतो. गोरगरिबांच्या घरात मासा हे मटणाहून स्वस्त आणि डाळीच्या जोडीला उपयोगी पडणारे प्रथिनांचे साधन आहे.

मासळी आणि पारा यांचा संबंध गेल्या सत्तर वर्षांत जगभर अभ्यासला गेला आहे. हा विषय रसायनशास्त्राचा असला तरी त्याचे परिणाम स्वयंपाकघरात, प्रसूतिगृहात आणि वर्गात दिसतात. कम्युनिटी कॉलेजांतून रुग्णसेवा, गृहविज्ञान, अन्नप्रक्रिया, बालसंगोपन असे अभ्यासक्रम शिकविणाऱ्या अध्यापकांना या विषयाची नेमकी माहिती असणे म्हणूनच आवश्यक आहे. माशात पारा कसा पोहोचतो, तो कोणाला आणि किती अपायकारक ठरतो, तसेच मासे खाणे न सोडता त्यापासून बचाव कसा करता येतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पाऱ्याची रूपे

पाऱ्याला उर्दूत ‘सीमाब’ म्हणतात. हा फारसी शब्द असून ‘सीम’ म्हणजे चांदी आणि ‘आब’ म्हणजे पाणी. उर्दू शायरीत हा शब्द बेचैनीचे प्रतीक म्हणून येतो, कारण हातावर घेतलेला पारा एका जागी थांबत नाही. बोलीभाषेत मनुष्याचा ‘पारा चढतो’ तो थर्मामीटरमुळे. समाजाच्या ओळखीचा पारा हा असा चकाकणारा आणि धावणारा आहे. माशातला पारा वेगळा आहे, आणि हा फरक समजल्याशिवाय पुढील विवेचन समजणार नाही.

पारा मुख्यतः तीन रूपांत आढळतो. पहिले रूप धातूचे. थर्मामीटरमधला हा पारा चुकून गिळला गेला तर आतड्यातून फारच थोडा शोषला जातो. परंतु त्याची वाफ श्वासातून आत गेली तर सुमारे ८० टक्के रक्तात मिसळते. दुसरे रूप क्षारांचे. शिंगरफ म्हणजे हिंगूळ हे त्याचे सर्वांना परिचित उदाहरण. तिसरे रूप सेंद्रिय असून त्यातील मिथाइल मर्क्युरी हा पदार्थ सर्वांत महत्त्वाचा आहे. अन्नातून पोटात गेलेल्या मिथाइल मर्क्युरीपैकी सुमारे ९५ टक्के शरीरात शोषले जाते. ते रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचते, गर्भवतीच्या वारेतून पार होते आणि शरीरातून निम्मे बाहेर पडायलाच त्याला सुमारे ५० ते ७० दिवस लागतात. ‘अमुक माणसाने पारा गिळला, त्याला काही झाले नाही’ अशी ऐकीव उदाहरणे माशातील पाऱ्याला लागू पडत नाहीत, ती या कारणाने.

पाण्यातून ताटापर्यंत

नदी किंवा खाडीत पारा दोन वाटांनी येतो. एक वाट थेट सांडपाण्याची. पूर्वी कॉस्टिक सोडा व क्लोरीन बनविणाऱ्या कारखान्यांत मिठाच्या पाण्यातून वीज सोडताना पाऱ्याचा थर वापरीत असत आणि त्यातला काही पारा सांडपाण्याबरोबर बाहेर जात असे. दुसरी वाट हवेची. दगडी कोळशात अल्प प्रमाणात पारा असतो. कोळसा जळला की तो धुराबरोबर वर जातो आणि पावसाबरोबर जमिनीवर व जलाशयांत उतरतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०१८ च्या अहवालानुसार मानवी उद्योगांमुळे हवेत मिसळणाऱ्या पाऱ्यापैकी सुमारे ३८ टक्के वाटा पाऱ्याच्या साहाय्याने सोने काढणाऱ्या लहान खाणींचा, तर सुमारे २१ टक्के वाटा कोळसा जाळण्याचा आहे.

पाण्यात आलेला पारा बहुतांशी तळाच्या गाळात बसतो. गाळात प्राणवायू नसतो आणि तेथील काही जीवाणू या पाऱ्याचे मिथाइल मर्क्युरीत रूपांतर करतात. स्वीडनमधील येन्सेन व येर्नेलॉव्ह या संशोधकांनी १९६९ मध्ये हे दाखवून दिले. त्यापूर्वी असा समज होता की जड धातू तळाशी गेला की प्रश्न संपला. प्रत्यक्षात तळाशी गेल्यानंतरच त्याचे सर्वांत घातक रूप तयार होऊ लागते. नवे धरण बांधून झाडझाडोरा पाण्याखाली गेला की कुजण्याच्या क्रियेमुळे हे रूपांतर काही वर्षे वाढते, असे कॅनडातील जलाशयांवरील अभ्यासांतून दिसून आले आहे.

पुढचे काम अन्नसाखळी करते. गाळातील व पाण्यातील मिथाइल मर्क्युरी शेवाळ आणि सूक्ष्म जीव शोषून घेतात. त्यांना झिंगे व लहान मासे खातात, लहान माशांना मोठे शिकारी मासे खातात. खाल्लेले अन्न खर्च होते, पण पारा अंगात साचत राहतो. त्यामुळे साखळीच्या प्रत्येक पायरीवर प्रमाण वाढत जाते आणि मोठ्या शिकारी माशाच्या अंगात ते पाण्यातील प्रमाणाच्या लाखो पट होऊ शकते. रोहू, कटला, मृगळ हे मासे वनस्पती, सूक्ष्म जीव किंवा तळातील कुजलेले पदार्थ खातात. तलावांत पाळलेले असतील तर ते लवकर वाढतात आणि लहान वयातच बाजारात येतात. याउलट मरळ, शिवडा, शिंगाळा हे दुसरे मासे खाऊन जगतात. एकाच नदीतल्या, एकाच दिवशी पकडलेल्या रोहूमध्ये आणि मोठ्या शिवड्यामध्ये पाऱ्याचे प्रमाण फार वेगळे असू शकते. समुद्राच्या माशांतही हाच नियम आहे. तारली, बांगडा यांच्यात प्रमाण कमी, तर मोठी सुरमई आणि मोरी यांच्यात अधिक.

धुऊन किंवा शिजवून तो जात नाही

मिथाइल मर्क्युरी माशाच्या चरबीत नसते, ते मांसातील प्रथिनांना चिकटलेले असते. त्यामुळे कातडी काढणे, हळद-मीठ लावून धुणे, चिंच किंवा लिंबू घालणे, तळणे, उकळणे यांपैकी कशानेही ते निघत नाही. मासा सुकवला तर त्यातले पाणी जाते आणि पारा तसाच राहतो, म्हणून तेवढ्याच वजनाच्या सुक्या माशात तो ओल्या माशापेक्षा जास्त भरतो. मासा ताजा आहे की नाही हे डोळे, कल्ले व वासावरून कळते. पाऱ्याची मात्र कोणतीही खूण दिसत नाही. पाण्यावर फेस किंवा रंग दिसला म्हणजे त्यात पारा आहे असे नाही, आणि पाणी नितळ आहे म्हणजे पारा नाही असेही नाही.

धुण्याने विष जाते या समजुतीची फार मोठी किंमत इराकने मोजली आहे. १९७१ च्या शरद ऋतूत दुष्काळग्रस्त शेतकऱ्यांना परदेशातून आणलेले गव्हाचे व जवाचे बियाणे वाटण्यात आले. बुरशी लागू नये म्हणून त्याला मिथाइल मर्क्युरीयुक्त औषध लावलेले होते आणि ओळखू यावे म्हणून लालसर रंग दिलेला होता. पोत्यांवरील इशारा स्पॅनिश व इंग्रजीत होता. वाचणारे शेतकरी अरबी व कुर्दी बोलणारे होते. अनेक ठिकाणी पेरणीची वेळ टळल्यावर बियाणे पोहोचले. लोकांनी ते धुतले. रंग गेला, तसे विषही गेले असे त्यांना वाटले. काहींनी आधी कोंबड्यांना घालून पाहिले. काही दिवसांत कोंबड्यांना काही झाले नाही. मग त्या धान्याच्या रोट्या झाल्या. लक्षणे काही आठवड्यांनी दिसू लागली. ६,५३० रुग्ण इस्पितळात दाखल झाले आणि त्यांपैकी ४५९ जण दगावले. येथे मासा नव्हता, पण विष तेच होते. ज्ञान उपलब्ध असूनही ते खाणाऱ्याच्या भाषेत नव्हते, ही या घटनेतील शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगी बाब होय.

मिनामाता ते रिहंद

माशांतील पाऱ्याचा प्रश्न जगापुढे आला तो जपानमधील मिनामाता येथे. तेथील चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून १९३२ ते १९६८ या काळात मिथाइल मर्क्युरी असलेले सांडपाणी उपसागरात जात होते. प्रथम मांजरे झोकांड्या खाऊन मरू लागली. १ मे १९५६ रोजी या आजाराची अधिकृत नोंद झाली. हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, बोलणे अडखळणे, दृष्टीचे क्षेत्र आकुंचित होणे ही त्याची लक्षणे होती. स्वतः फारसा त्रास नसलेल्या मातांच्या पोटी गंभीर व्यंग असलेली मुले जन्मली. अधिकृत मान्यता मिळालेल्या रुग्णांची संख्या दोन हजारांवर गेली. १९६५ मध्ये जपानमध्येच निइगाता जिल्ह्यात आगानो नदीकाठी हाच आजार आढळला. हा प्रश्न केवळ समुद्राचा नसून गोड्या पाण्याचाही आहे, हे तेव्हा स्पष्ट झाले.

महाराष्ट्रातील उदाहरण ठाणे खाडी व उल्हास नदीमुखाचे आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या झिंगडे व देसाई यांनी ठाणे खाडीतील पाऱ्यासंबंधीचा शोधनिबंध १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. उल्हास नदीमुखातील गाळाचा अभ्यास त्याच संस्थेच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात आतल्या भागातील गाळात नैसर्गिक पातळीच्या अनेक पट पारा आढळून आला. क्लोरीन व कॉस्टिक सोड्याचे कारखाने हे त्याचे प्रमुख कारण होते. खाडीचा स्वभावही येथे विचारात घ्यावा लागतो. भरतीचे पाणी गाळ वर ढकलते आणि ओहोटी तो पुरता बाहेर नेत नाही, म्हणून पारा आतल्या भागात अडकून राहतो. बोय, निवटी, चिंबोरी, कोळंबी याच चिखलात वाढतात आणि खाडीकाठच्या कोळी व आगरी कुटुंबांच्या जेवणात असतात.

मध्य प्रदेश व उत्तर प्रदेशाच्या सीमेवरील रिहंद जलाशयाचे उदाहरण गोड्या पाण्याचे आहे. सिंगरौली-सोनभद्र परिसरात कोळशावरील वीजकेंद्रे मोठ्या संख्येने आहेत आणि रेणुकूट येथे कॉस्टिक सोड्याचा कारखाना होता. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सोनभद्रमधील तपासणीत रक्ताच्या ८४ टक्के नमुन्यांत सुरक्षित पातळीपेक्षा अधिक पारा आढळला. डोंगिया नाल्याजवळच्या माशात मिथाइल मर्क्युरीचे प्रमाण किलोस ०.४४७ मिलिग्रॅम भरले. भारतीय मर्यादा ०.२५ मिलिग्रॅम होती.

धोरणाच्या पातळीवर बरेच काही घडले आहे. २००३ मध्ये केंद्र सरकार व उद्योग यांच्यात ठरलेल्या कार्यक्रमानुसार पाऱ्याच्या पद्धतीचे कॉस्टिक सोडा कारखाने २०१२ पर्यंत बदलण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले आणि हा उद्योग पारारहित पद्धतीकडे वळला. मिनामाता करार २०१३ मध्ये संमत झाला. भारताने त्यावर २०१४ मध्ये सही केली आणि १८ जून २०१८ रोजी त्याला मान्यता दिली. तरीही गाळात पूर्वी साचलेला पारा करारामुळे नाहीसा होत नाही आणि कोळशाची वाट अजून चालू आहे.

किती मासे, कोणी, कोणते

अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये मिथाइल मर्क्युरीची साप्ताहिक सहनीय मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम अशी ठरविली. वर्गात फळ्यावर मांडता येईल असे हे साधे गणित आहे. ५० किलो वजनाच्या स्त्रीसाठी ही मर्यादा आठवड्याला ८० मायक्रोग्रॅम होते. माशात किलोस ०.१ मिलिग्रॅम मिथाइल मर्क्युरी असेल तर तिला आठवड्यात ८०० ग्रॅम मासे खाता येतील. प्रमाण ०.५ मिलिग्रॅम असेल तर केवळ १६० ग्रॅम, आणि १ मिलिग्रॅम असेल तर ८० ग्रॅम, म्हणजे एखादाच तुकडा. १५ किलो वजनाच्या मुलाची साप्ताहिक मर्यादा २४ मायक्रोग्रॅम असते, ०.५ मिलिग्रॅमच्या माशातील ४८ ग्रॅमच्या तुकड्यात ती पूर्ण होते.

या गणितावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, किती मासे खाल्ले यापेक्षा कोणते मासे खाल्ले याला अधिक महत्त्व आहे. दुसरी, एकाच घरात एकाच कालवणाचा अर्थ प्रत्येकासाठी वेगळा असतो. गर्भवती, अंगावर पाजणारी माता आणि लहान मूल यांच्यासाठी मोठ्या शिकारी माशाचा तुकडा योग्य नव्हे. गर्भातील मेंदूची वाढ होत असताना मिथाइल मर्क्युरीचा परिणाम सर्वांत अधिक होतो आणि नाळेच्या रक्तातील त्याचे प्रमाण आईच्या रक्तापेक्षा जास्त असते. अनेक घरांत पाहुण्यांच्या किंवा गर्भवतीच्या ताटात मानाने मोठ्या माशाचा तुकडा वाढला जातो. या मानाची दिशा बदलणे आवश्यक आहे. तिला लहान मासे वाढणे हाच तिचा मान.

मात्र याचा अर्थ मासे सोडावेत असा मुळीच नाही. माशात प्रथिने, आयोडीन आणि मेंदूच्या वाढीला लागणारी ओमेगा-३ स्निग्धाम्ले असतात. फेरो बेटांवरील मुलांच्या अभ्यासात पाऱ्याचा सूक्ष्म दुष्परिणाम दिसला, तर भरपूर मासे खाणाऱ्या सेशेल्स बेटांवरील अभ्यासात तसा स्पष्ट परिणाम दिसला नाही. जागतिक आरोग्य संघटना व अन्न व कृषी संघटनेच्या २०१० च्या तज्ज्ञ बैठकीचा निष्कर्षही असाच होता की बहुतेक परिस्थितींत मातांनी मासे खाणे हे मासे न खाण्यापेक्षा बाळाच्या मेंदूसाठी हिताचे आहे. अर्धवट माहितीने घाबरून गरीब कुटुंबाने मासे सोडले तर त्याच्या ताटात त्या बदल्यात काहीच येत नाही. मासळी विकून पोट भरणाऱ्या भोई-ढीवर कुटुंबांचेही नुकसान होते.

इस्लामी विचारात अन्नाबाबत ‘हलाल’ आणि ‘तय्यब’ या दोन कल्पना बरोबरीने येतात. मासा हलाल आहे, याविषयी शंका नाही. तो तय्यब, म्हणजे शुद्ध व हितकर, राहावा यासाठी पाण्याची राखण करणे आणि खाणाऱ्याची प्रकृती पाहून तो निवडणे हे त्या शिकवणुकीच्या गाभ्यात बसणारे आहे.

जैनाबादपुरता विचार

मिनामाता किंवा रिहंद येथील आकडे तापीला लावता येत नाहीत. तापी मुलताईहून निघून बैतूल जिल्ह्यातून बुऱ्हाणपूरला येते, पुढे चांगदेवजवळ पूर्णेला मिळते, हतनूर व उकई धरणांत अडते आणि सुरतेपलीकडे समुद्राला मिळते. तिच्या माशांविषयी बोलायचे तर तिचेच मासे तपासले पाहिजेत. भीती आणि दिलासा, दोन्ही मोजमापाशिवाय अर्थहीन आहेत.

अशी तपासणी कॉलेजांच्या आवाक्याबाहेरची नाही. नमुने चार ठिकाणांहून घेता येतील : बुऱ्हाणपूर शहराच्या वर, जैनाबादच्या काठावर, शहराच्या खाली आणि हतनूरच्या फुगवट्यात. प्रत्येक ठिकाणी एक शिकारी आणि एक बिनशिकारी जात घ्यावी. माशाचे नाव, लांबी, वजन, जागा व तारीख यांची नोंद करावी, कारण मोठा मासा व लहान मासा यांची सरळ तुलना करता येत नाही. मासा नदीतला की तलावात पाळलेला हे विक्रेत्याला विचारून लिहावे. नमुना स्वच्छ पिशवीत गोठवून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावा आणि सोबत गाळाचाही नमुना द्यावा. भुसावळजवळ दीपनगर येथे कोळशावरील वीजकेंद्र आहे. अशा ठिकाणांच्या परिसरातील जलाशयही तपासणीत घ्यावेत. कोणावर आरोप करणे हा त्यामागचा हेतू नाही. आज नोंदवलेला आकडा उद्याच्या तुलनेचा आधार होतो.

दुसरे काम भाषेचे आहे. जैनाबाद-बुऱ्हाणपूर परिसरात उर्दू, मराठी, हिंदी व निमाडी बोलणारे लोक शेजारी राहतात आणि एकाच माशाला वेगवेगळ्या नावांनी ओळखतात. शास्त्रीय नावे लिहिलेले पत्रक मासळी बाजारात निरुपयोगी ठरते. विद्यार्थ्यांनी विक्रेत्यांकडून माशांची स्थानिक नावे गोळा करावीत आणि त्या नावांतच सूचना तयार कराव्यात. सूचना थोड्या असाव्यात : लहान मासे आणि रोहू, कटला, मृगळ निश्चिंतपणे निवडा, मोठा शिकारी मासा गर्भवतीला व लहान मुलाला देऊ नका, धुतल्याने व शिजवल्याने पारा जात नाही, फुटलेला थर्मामीटर, सीएफएल दिवे आणि बटन सेल नदीत किंवा उकिरड्यावर टाकू नका.

समारोप

माशातील पारा दिसत नाही, चवीला लागत नाही आणि त्याचा परिणाम उशिरा दिसतो. त्यामुळे येथे अनुभवाचा उपयोग होत नाही, माहितीचाच होतो. ही माहिती प्रयोगशाळा तयार करते, पण चुलीपर्यंत ती नेण्याचे काम शिक्षकच करू शकतो. इराकच्या पोत्यांवर इशारा होता, तो वाचता येईल अशा भाषेत नव्हता. तापीकाठच्या बाजारात तसे होऊ नये, ही जबाबदारी रसायनशास्त्राच्या अध्यापकाइतकीच भाषेच्या अध्यापकाचीही आहे.